निराधारची यादी ग्रामसभेत माइकवर वाचावी का? (आमच्या गावात वाचली, तेव्हापासून डोक्यात किडा आहे)

बांधावरचा | १७ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

गाव मराठवाड्यातलं, नाव सांगत नाही. परवा १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली. दरवेळी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, झेंडावंदन, पोरांची भाषणं, जिलेबी, आणि मग कोरम नाही म्हणून तहकूब, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सगळ्या गावाला पाठ आहे. यंदा मात्र आम्ही पाचसहा जणांनी हट्टच धरला की संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या सरकारी मदतीच्या योजनांची गावातली जी यादी आहे ती सगळ्यांसमोर वाचायची. महिन्याला १५०० रुपये येतात, म्हातारी माणसं त्याला 'निराधारचा पगार'च म्हणतात, आणि कुणाला मिळतो कुणाला नाही यावरून पारावर वर्षभर कुजबुज चालू असते. म्हटलं कुजबुज कशाला, माइकवर होऊन जाऊ दे.

४१ नावं निघाली. त्यातली दोन माणसं वारलेली. एक जण गावात राहतच नाही, पोराकडं पुण्याला. एका म्हातारीचं नाव आलं तर मागून पोरं हसायला लागली, कारण तिच्या पोराचे दोन टेम्पो आहेत आणि स्लॅबचं घर. लगेच कुणीतरी म्हणालं हे नाव उडवा, हात वर झाले, ठरावात लिहिलं की चौकशी व्हावी. सगळ्यांना लय भारी वाटलं, आता गावकारभार सुधारला बुवा.

आणि मग एक बाई उठली. वडारवस्तीवरची, नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, दोन लेकरं, खडी फोडायला जाते. ती फक्त एवढंच म्हणाली, "जी हायती त्यांची वाचली. जी नाहीत त्यांची कोण वाचणार?"

सभा गप. तिचा फॉर्म तीनदा परत आलाय, उत्पन्नाचा दाखला २१ हजाराच्या वर जातो म्हणून.

तर प्रश्न असा की हे असं गावाने एकत्र बसून ठरवणं बरोबर आहे का? की उगाच गरिबांची शोभा होते? तुमच्याकडे कसं करतात?

---

कोडवाला_पुणे | १७ ऑगस्ट, ११:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गावाने कशाला ठरवायचं? गाव म्हणजे पाच पुढारी आणि बाकीचे माना डोलावणारे. आधार आहे, रेशनकार्ड आहे, आरटीओचा डेटा आहे, इन्कम टॅक्सचा आहे. सगळं जोडा, कॉम्प्युटर सांगेल कोण पात्र ते. लाडक्या बहिणीत बघितलं ना, फॉर्म भरायची जत्रा भरली आणि नंतर डेटा तपासला तर सव्वीस लाखांवर खाती शंकास्पद निघाली, त्यात १४ हजारांवर चक्क पुरुष! हे पकडलं कुणी? ग्रामसभेने नाही, डेटाने.

---

सेविका_ताई | १८ ऑगस्ट, दुपारी २:०५

कोडवाला दादा, ती जत्रा आम्ही बघितलीय, नुसती बघितली नाही, वाहिलीय. जुलै २०२४ मधे अंगणवाडीच्या दारात रांग, पोरांची खिचडी एका हाताने आणि एका हाताने अॅप, आणि सर्व्हर डाऊन. रात्री दोन वाजता उठून फॉर्म टाकायचे कारण तेव्हा नेट चालायचं. फॉर्ममागे ५० रुपये भत्ता ठरलेला.

आणि तुम्हाला एक सांगते, लोकांना विसर पडलाय. त्याच जुलैत सुधारित नियम आले त्यात होतं की गावपातळीच्या समितीने दर शनिवारी यादीचं वाचन करायचं आणि दुरुस्ती करायची. दर शनिवारी! आमच्याकडे एकच शनिवार झाला तो. तोही कुणाला न सांगता, तीन जण आणि एक रजिस्टर. मुदत जवळ आली तसं वरून रोज एकच विचारणा, आज किती झाले. मग वाचन कोण करतंय. तेव्हा नीट वाचलं असतं तर तुमच्या डेटाला नंतर एवढे कष्ट पडले नसते, कारण गावात कुणाच्या दारात गाडी आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पुढची गंमत ऐका. फेब्रुवारीत आम्हालाच सांगितलं की घरोघरी जाऊन चारचाकी आहे का बघा. म्हणजे ज्या बाईचा फॉर्म मी भरला, तिच्याच दारात जाऊन मी सांगायचं की तुझे पैसे बंद. मला त्याच गल्लीत राहायचंय हो. एकीने तर मला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. ह्याला लोकसहभाग म्हणतात का, की सरकारच्या वाटणीचा वाईटपणा आमच्या गळ्यात?

---

मालवणी_खाजा | १८ ऑगस्ट, ३:३०

हळदीकुंकू बंद म्हणजे विषय गंभीर आसा. 😄

सेविका ताई, अनुमोदन. आमच्याकडे वाडीत चौकशीला आले तेव्हा एकाने गाडी मेव्हण्याच्या पडवीत नेऊन लावली. मेव्हण्याची बायको पण लाभार्थी. मग ती गाडी अख्खी दुपार पडवी ते पडवी फिरत होती.

---

बांधावरचा | १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

@कोडवाला, डेटाचं ऐकलं. पण त्या वडारवस्तीवरच्या बाईला डेटानेच तर बाहेर ठेवलंय ना. निराधारला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, कित्येक वर्षं तीच. म्हणजे महिन्याला १७५०. आता तुम्हीच सांगा, खडी फोडणारी बाई महिन्याला १७५० मधे दोन लेकरं कशी जगवेल? रोजगार हमीवर नुसते शंभर दिवस गेली तरी आकडा पार. अहो योजनेचेच १५०० गुणिले बारा केले तर १८ हजार होतात!

त्यामुळे होतं काय की प्रत्येक जण खोटा दाखला काढतो. तलाठ्याला माहीत, तहसीलला माहीत, सगळ्यांच्या दाखल्यावर २०-२१ हजारच. ज्याची ओळख त्याचं खोटं पास होतं आणि जिची नाही तिचं खरं नापास. ती बाई येडी, तिने खरं सांगितलं, दिवसाला अडीचशे मिळतात म्हणून. तुमचा कॉम्प्युटर इथं काय करणार?

---

वकीलीण | १९ ऑगस्ट, सकाळी ८:५०

बांधावरचा, हा मुद्दा एकदम बरोबर. थोडी माहिती: निराधार आणि श्रावणबाळची मंजुरी तालुका समिती देते, अध्यक्ष अशासकीय, सदस्य सचिव तहसीलदार. म्हणजे कागदावर यातही 'लोकांचा सहभाग' आहेच की! पण तो सहभाग म्हणजे पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेले कार्यकर्ते. आणि सरकार बदललं की समिती बरखास्त, नवी नेमेपर्यंत अर्ज पडून. मी एका तालुक्यात आठ महिने पडलेले गठ्ठे बघितलेत, वर चहाच्या कपाचे गोल डाग.

यादी वाचण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मृत नावं, दुबार नावं, रक्कम आली की नाही हे जरूर वाचा. पण विधवा, परित्यक्ता, एचआयव्ही, दिव्यांग असे प्रवर्ग त्याच योजनेत आहेत. प्रवर्गासकट यादी माइकवर वाचली तर कुणाचा आजार अख्ख्या गावाला कळेल. तुम्ही कारणासकट वाचलीत का?

---

बांधावरचा | १९ ऑगस्ट, ९:३०

नाही नाही, फक्त नाव आणि वय. पण खरं सांगू का, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या प्रिंटमधे तो रकाना होता, वाचणाऱ्या पोराने कंटाळा करून सोडला म्हणून वाचलो.

---

गोंडवन | २० ऑगस्ट, रात्री ११

इकडे गडचिरोलीत पेसा आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. १९९६ च्या कायद्यात सरळ लिहिलंय की गरिबी हटवण्याच्या योजनांचे लाभार्थी निवडायची जबाबदारी ग्रामसभेची. राज्याचे नियम यायला २०१४ उजाडलं ते सोडा. आणि आमची ग्रामसभा म्हणजे अख्ख्या ग्रामपंचायतीची नाही, एकेका पाड्याची होऊ शकते, चाळीस घरं, सगळे एकमेकांना ओळखतात.

मेंढा लेखा या इथल्याच गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. तिथली खरी गोष्ट घोषणेत नाही, ती बसण्यात आहे. हात वर करून बहुमत नाही घेत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय लांबवतात. एकदा, दोनदा, चारदा. तुमच्या सभेत त्या म्हातारीचं नाव किती वेळात उडालं? दोन मिनिटं?

पण आमच्याकडे सगळं छान आहे असंही नाही. पाड्याने ठराव करून पाठवलेली नावं वरच्या पोर्टलवर बसत नाहीत, कारण आधारवर नाव एक, रेशनकार्डवर दुसरं. गोंडी नाव मराठी ऑपरेटरने जसं ऐकू आलं तसं लिहिलं. एकाच म्हाताऱ्याची तीन नावं आहेत सरकारदरबारी आणि पैसे एकाच्याही नावावर नाहीत.

---

कोडवाला_पुणे | २० ऑगस्ट, ११:२५

ठीके, मान्य, पण पैसे थेट खात्यात येतात हा तर फायदा आहे ना? पूर्वी मनिऑर्डर यायची तेव्हा वाटणारा आपला हिस्सा कापून द्यायचा, माझ्या आजीने भोगलंय.

---

शांता_आत्याची_भाची | २१ ऑगस्ट, दुपारी १२:१०

थेट खात्यात हो, पण कुठल्या?? आमच्या आत्याचे चार महिने पैसे आले नाहीत. तहसीलमधे सांगितलं पाठवलेत. बँकेत सांगितलं आले नाहीत. दोघांचं खरं! झालं असं की आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं तिथं पैसे जातात, आणि तिने मधे कुठल्यातरी कॅम्पमधे झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं, माहेरच्या गावी, पासबुक पण दिलं नव्हतं. चार महिन्यांचे सहा हजार तिथं गपगुमान पडलेले. हे शोधलं कुणी माहितीये? बचत गटातल्या एका मुलीने. सीआरपी आहे ती, म्हणजे गटांची कामं बघणारी गावातलीच कार्यकर्ती. तिने मोबाईलवर आधार टाकून बघितलं कुठल्या बँकेला जोडलंय, पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी आत्या बासष्ट किलोमीटर जाऊन येऊन करत होती, दोन्ही वेळच्या एसटीला सुट्टे पैसे उसने घेऊन.

माझं म्हणणं सहभाग म्हणजे यादी ठरवणंच नाही फक्त. पैसे निघाल्यावर बाईच्या हातात पडेपर्यंत जो रस्ता आहे त्यावर कुणीतरी आपलं माणूस उभं पाहिजे.

---

जळगाव_ते_जकार्ता | २२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

धागा वाचतोय, राहवलं नाही म्हणून लिहितो. इथं इंडोनेशियात हाच वाद कधीचा चाललाय. २००५ साली पेट्रोल रॉकेलची सबसिडी कमी केली आणि बदल्यात गरिबांना रोख पैसे वाटले, तेव्हा यादीवरून पुष्कळ गावांत राडे झाले. मग २००८ च्या सुमारास संशोधकांनी ६४० खेड्यांत करून बघितलं. काही गावांत घर, भिंत, मोटरसायकल असं मोजून यादी केली. काही गावांत लोकांना एकत्र बसवून सांगितलं की गावातली सगळी घरं गरिबातल्या गरिबापासून क्रमाने लावा, घरांची नावं लिहिलेली कार्डं दोरीला टांगायची. आणि काहींत दोन्हीची मिसळ.

निकाल दोन्ही बाजूंच्या तोंडात मारणारा. घरखर्चाच्या हिशोबाने कोण गरीब ते बघितलं तर मोजणीवाली यादी थोडी जास्त बरोबर. पण लोक खूष कुठं, तर जिथं त्यांनी स्वतः लावली तिथं, तक्रारी पण कमी. आणि पुढारी आपल्याच लोकांची नावं घुसवतील ही जी भीती आहे ना कोडवाला, त्याचा पुरावा फारसा मिळाला नाही. उलट असं दिसलं की लोकांची 'गरीब'ची व्याख्याच वेगळी. विधवेचं घर, ज्याला कमवायची ताकद नाही ते, खर्चाच्या आकड्यात बसो न बसो, लोक वर धरतात.

अजून एक मजेशीर, सभा लांबली की लोक दमतात आणि शेवटी शेवटी लावलेल्या घरांत चुका वाढतात. म्हणजे तुमच्या ४१ नावांपैकी पस्तिसाव्याच्या पुढची परत बघा. 🙂

---

मालवणी_खाजा | २२ ऑगस्ट, ८:१५

गणपतीआधी असली माहिती देऊ नका, आरत्या पण शेवटच्या आम्ही चुकीच्याच म्हणतो.

---

वकीलीण | २२ ऑगस्ट, १०:००

जकार्ता, धन्यवाद, फार कामाचं. आपल्याकडेही एक जवळचं उदाहरण: २०११-१२ ला इंदूर जिल्ह्यात 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने आठ गावांत सगळ्यांनाच दरमहा रोख दिली होती, मोठ्यांना आधी २०० मग ३००, लहानांना निम्मी. काही गावांत संघटना आधीपासून होती, काहींत नव्हती, मुद्दाम तसं निवडलेलं. सगळ्यांनाच दिल्यावर यादीचं भांडणच नाही! पण तिथंही खाती उघडणं, बायकांना बँकेची पायरी चढवणं हे काम माणसांनीच केलं.

बांधावरचा, एक सुचवू? ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असते, कायद्यात आहे. तुमच्याकडे होते का?

---

बांधावरचा | २२ ऑगस्ट, रात्री १०

होते. रजिस्टरवर. अंगठे घरोघरी जाऊन घेतात.

---

सेविका_ताई | २३ ऑगस्ट, दुपारी १:४५

मग आता खरी घ्या. आणि सकाळी घेऊ नका, बाया कामावर असतात. संध्याकाळी पण नको, भाकऱ्या. दुपारी चार ते साडेपाच, अंगणवाडीत, मंदिरात नाही कारण मंदिरात अर्ध्या जणी येणार नाहीत आणि काहींना येऊ देणार नाहीत, कळलं ना मी काय म्हणते. माइक नको. गडी माणूस नको. ग्रामसेवक आला तर कोपऱ्यात बसवा आणि लिहायला सांगा.

---

शांता_आत्याची_भाची | २४ सप्टेंबर, रात्री ८:३०

धागा वर आणतेय. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झालीय, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडलांचा आधार आणि ओटीपी मागतात. आमच्या वाडीत एकीचा नवरा वारलाय, वडील पण वारलेत. ती विचारते ओटीपी कुणाला येईल? कुणाला काही माहिती असेल तर सांगा.

---

सेविका_ताई | २५ सप्टेंबर, ३:००

रोज दहा जणी हेच विचारतात. अजून तरी आमच्याकडे काही सूचना नाही. नवऱ्याचा मृत्यूदाखला, आधारची झेरॉक्स जपून ठेवायला सांगा. टाकलेल्या बायकांचं त्याहून अवघड, नवरा जिवंत आहे पण ओटीपी सांगायचे पैसे मागतोय. खोटं नाही सांगत, माझ्यासमोर फोनवर पाचशे मागितले.

---

बांधावरचा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मंडळी, उशीर झाला. इकडे पावसाने पार वाट लावली, सोयाबीन पाण्यात, नदीकडची घरं पाण्यात, पंधरा दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. त्यात यंदा २ ऑक्टोबरलाच दसरा, ग्रामसभेला कुत्रं पण आलं नाही, तहकूब.

पण महिलासभा झाली. ३० तारखेला, चार वाजता, अंगणवाडीत, ताईंनी सांगितलं तशी. मी आत नव्हतो, बाहेर लिंबाखाली बसलो होतो, नंतर आमच्या मंडळींनी सांगितलं ते लिहितो. पन्नासेक बाया आल्या, वडारवस्तीवरच्या अकरा. आधी कुणी बोलेना. मग यादी वाचली, प्रवर्ग सोडून. आणि नंतर 'जी नाहीत त्यांची' विचारली. नऊ नावं निघाली एका तासात. नऊच्या नऊ आम्हाला कुणाला पारावर सुचली नव्हती. त्या बाईचा फॉर्म बचत गटातल्या मुलीने परत भरलाय, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पंचनाम्यावर पाच बायांनी सह्या केल्या, तलाठी म्हणाला बघतो. 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, पण आता पाचजणी विचारायला जाणारेत, एकटी नाही.

आणि आता ती टेम्पोवाल्याची आई. तिचं नाव उडवायचं ठरलं होतं ना. महिलासभेत तिचं नाव आल्यावर कुणी हसलं नाही म्हणे. शेजारणीने सांगितलं, म्हातारी चार सालापासून गोठ्यात राहते, स्लॅबच्या घरात नाही. वेगळी चूल. सून ताट देत नाही, पोरगा बोलत नाही. म्हातारी तिथंच बसली होती, म्हणाली, "टेम्पो त्याचा हाय, मह्या पोटात थोडाच जातो." गोळ्या त्या पैशातूनच आणते, बीपीच्या.

गोठा आमच्या वावराच्या वाटेवर आहे. मी रोज दोनदा तिथून जातो. धूर बघितलाय मी तिथला, मला वाटायचं जनावरांसाठी माश्यांचा धूर केलाय.

१५ ऑगस्टला हात वर करणाऱ्यांत मी पण होतो. तो ठराव तहसीलला गेलाय, आता तो मागं घ्यायला परत ठराव लागेल, तहकूब सभा १२ तारखेला आहे. उद्या सोमवार, म्हातारीला हयातीच्या दाखल्यासाठी गाडीवर तालुक्याला नेतोय. तिने अट घातलीय की पोराच्या दारावरनं गाडी न्यायची नाही, मागच्या वाटेने चिखलातनं जायचं.

---

सेविका_ताई | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आधारकार्ड, पासबुक, दोन फोटो. आणि आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते निघायच्या आधी बघून घ्या.